दोरी धरून आमच्या गल्लीत आलेला वर्ग

बाई,

काल अंगणवाडीत चित्रांचा, गाण्यांचा आणि गोष्टींचा दिवस झाला. वरून आलेल्या पत्रकात त्याला लांबलचक नाव होतं आणि मोबाईलवर चार फोटो टाकले की तो झाला असं धरतात, पण आम्ही तो सकाळी साडेनऊपासून जेवणाच्या वेळेपर्यंत खरोखर केला. भेंड्या आडव्या कापून त्यांचे ठसे उमटवले. एका पोरानं ठसे सोडून भेंडीच खाल्ली. गाणी झाली, गोष्ट झाली. आणि बाबा आले होते, ढोलकी घेऊन. तुम्हाला माझे बाबा आठवत असतीलच, गवंडीकाम करायचे ते. आता थकलेत. ओळंबा लावून भिंत उभी करणारा तो हात आता चहाची बशी धरताना थरथरतो. तरी मी म्हटलं, लेकरांना जरा वाजवून दाखवा, तर धुतलेला सदरा घालून माझ्या आधी दारात उभे. परत येताना वाटेत ते काहीतरी बोलले. त्या बोलण्यामुळंच आज पोरं घरी गेल्यावर, खोली झाडून झाल्यावर, मी ही वही उघडून बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुमच्याच जागेवर मी आता सेविका आहे, हे कदाचित तुम्हाला माहीत नसेल.

आमच्या वेळी अंगणवाडीला इमारत नव्हती. चावडीची मागची खोली होती. तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीतून येणारं ऊन फरशीवर जसं सरकायचं तसे तुम्ही आम्हाला सरकवायच्या, थंडीत उन्हात, उन्हाळ्यात सावलीत. मी तेव्हा पाच वर्षांची. आमच्या वस्तीतली आम्ही चार-पाच लेकरं सुरुवातीला दाराजवळ बसायचो. तसं बसा असं कोणी सांगितलं नव्हतं, पण तिथंच बसायचो. तुम्ही गोल करायला लावला. गोलात दार कुठल्या एकाच्या वाट्याला येत नाही, हे मला आज शिकवताना कळतं. तेव्हा फक्त एवढंच कळायचं की माझ्या एका बाजूला आता मालकांचा नातू बसतो आणि त्याच्या खिशात नेहमी फुटाणे असतात.

तुमचं माहेर डोंगरकड्याचं. तुमच्या बोलण्यात आमच्या गावापेक्षा थोडा वेगळा हेल होता आणि तुम्ही गोष्ट सांगायला लागलात की तो जास्त यायचा. तुम्ही गोष्ट कधी पुरी करायच्या नाहीत. शेवटाजवळ आलात की थांबून विचारायच्या, "मग आता काय करावं त्यानं?" आणि आम्ही भांडायचो. घरी गेल्यावर मी मायला तीच गोष्ट सांगायचे आणि माय विचारायची, "मंग काय झालं?" मी म्हणायचे, ते अजून ठरलं न्हाई.

त्या वर्षी हळदीच्या काढणीच्या सुमारास तुम्ही एके सकाळी विचारलं होतं की तुमच्या घरी कोण काय गातं, कोण काय वाजवतं. फुटाणेवाल्या नातवानं सांगितलं, आमचा गडी बैलांना शीळ घालतो. कोणाची आत्या जात्यावर गायची. माझी पाळी आली तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "माझे बाबा डफडं वाजवतात." बाई, बाबांनी माझ्या जन्मात डफडं वाजवलं नव्हतं. ते ढोलकी वाजवायचे. विहारात खिळ्याला अडकवलेली असायची आणि दर पौर्णिमेला गाणाऱ्यांच्या घोळक्यात बाबा ती घेऊन बसायचे. पण माझी आजी कुठलंही वाजणारं दिसलं की त्याला डफडंच म्हणायची. माझ्याकडं तो एकच शब्द होता, तो मी तुम्हाला दिला.

तुम्ही त्याच संध्याकाळी आमच्या घरी आलात. मला अजून दिसतं, बाबा अंगणात दगडावर बसून हातापायाचं सिमेंट धुताहेत, माय चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, आणि तुम्ही कुडाच्या दारात पदर सावरत उभ्या आहात. शाळेतली बाई आपल्या घरी आली म्हणून मी इकडून तिकडं उड्या मारते आहे.

तुम्ही म्हणालात, "भाऊ, शुक्रवारी लेकरांचा दिवस करायचाय. गाणी, चित्रं, गोष्टी. तुमी डफडं घेऊन चावडीत या ना. लेकरं खूश होतील."

बाबांचे हात पाण्यात थांबले. "कोणं सांगितलं तुमाला?"

"पोरीनं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं, त्यांना तेव्हा लाज वाटली, आणि ती लाज कशाची हे समजायला मला पुढं बरीच वर्षं लागली. मग ते उभे राहिले आणि हात पुसत हळू आवाजात बोलले. तुम्ही ते विसरला नसाल.

"बाई, माझा बाप त्या चावडीच्या पायरीखाली बसून डफडं वाजवायचा. लग्न असो, पोळा असो. त्याला वर कोणी बोलावलं न्हाई. तो गेला आन् मी ते डफडं मोडून चुलीत घातलं. आता तुमी वर बोलावून राहिल्या, चांगलं हाय. पण हातात तेच द्यायला निघाल्या."

माय भाकरी तव्यावर टाकायची विसरली होती. तुम्ही "येते" एवढं म्हणून वळलात आणि हातपंपापर्यंत जाईतो तुमचं डोकं खाली होतं. तुम्ही दिसेनाशा झालात तशी मायनं मला एक धपाटा घातला. मी रडत विचारलं, काहून मारलं? ती म्हणाली, "तोंड हाय म्हणून कायबी बोलावं व्हय?" मी काय बोलले होते ते मला कळलं नव्हतं. बाबा म्हणाले, "तिला मारू नको. तिला काय माहीत."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता तुम्ही परत आलात. या वेळी दारात थांबला नाहीत. आत आलात, अंगणात बाबांच्या त्या दगडाशेजारी सरळ जमिनीवर बसलात आणि मायकडं पाणी मागितलंत. मायनं तांब्या घासला, परत घासला, मग भरून दिला. तुम्ही वरून न पिता तोंड लावून पाणी प्यालात. त्याचं मायला इतकं नवल वाटलं होतं की ती म्हातारपणापर्यंत कोणी आलं-गेलं की सांगायची.

"चुकलं माझं," तुम्ही म्हणालात. "पोरगी लहान आहे, तिचा शब्द तिचा नाही. मला कळायला पाहिजे होतं."

बाबांनी थापी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ढोलकी हाय माझ्यापाशी. ती मी सोताहून शिकलो, कोणी गळ्यात घातली न्हाई. पण त्या चावडीत मी येणार न्हाई. ऐकायची असंल तर लेकरं घेऊन विहारात या."

"येते."

"घरचे येऊ देतील का त्यांच्या?"

"ते माझ्याकडं लागलं," तुम्ही म्हणालात.

ते किती अवघड होतं हे आता मला कळतं. मी आज पोरांना नुसतं पलीकडच्या शेतापर्यंत न्यायचं म्हटलं तरी चार आया विचारतात. तुम्ही तर गावच्या निम्म्या घरांची लेकरं आमच्या गल्लीत आणायला निघाला होता, जिथं त्यांचे आईबाप फक्त मजूर बोलवायला यायचे, तेही हातपंपाच्या अलीकडून हाक मारून.

शुक्रवारी तुम्ही विहिरीचा जुना दोर आणला होता. त्याला हात-हात अंतरावर गाठी मारल्या होत्या आणि एकेका गाठीला एकेक लेकरू. तुम्ही पुढं, मदतनीस मावशी मागं, डोक्यावर सुकडीचं पातेलं. चावडीपासून आमच्या गल्लीपर्यंत चालायला पाच मिनिटं लागतात. आम्हाला त्या दिवशी अर्धा तास लागला. वाटेत एक आजी आल्या, काही न बोलता आपल्या नातीचा हात गाठीवरून सोडवला आणि तिला घेऊन गेल्या. मग एक चुलते आले. मग खुद्द तुमच्या सासूबाई ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "घरात लेकीबाळी हायेत आपल्या, जरा विचार कर." तुम्ही प्रत्येकाला एकच सांगत होता, "बरं. उद्या पाठवा." मागची पोरं पुढच्या मोकळ्या गाठी धरायला धावली तेव्हा तुम्ही थांबवलंत. "ज्याची गाठ त्याची. राहू द्या रिकाम्या." तशा रिकाम्या गाठी लोंबत असताना आम्ही हातपंप ओलांडला. फुटाणेवाला नातू माझ्या पुढच्या गाठीला होता. त्याच्या घरून कोणी आलं नाही, कारण त्या दिवशी घरचे सगळे हळद विकायला हिंगोलीला गेले होते. हे त्यानंच मला हळूच सांगितलं आणि वर म्हणाला, "बरं झालं."

विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली आणि पुढं सारवलेला ओटा. बाबांनी आदल्या दिवशी बाहेरच्या भिंतीला चुना मारला होता. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या, कोणी पुढं येईना. मग तुम्ही मायला म्हणालात, हळद आहे का घरी. माय कुटलेली हळद घेऊन आली. तुम्ही एका थाळीत ती पाण्यात कालवलीत आणि बाबांच्या चुन्याच्या डब्यातला चमचाभर चुना तिच्यात टाकलात. पिवळ्याचं लालभडक झालं. घरोघर हळद असणारी लेकरं आम्ही, पण हे कोणी पाहिलं नव्हतं. नातू म्हणाला, "रगत झालं." आणि सगळ्यात आधी त्यानंच पंजा बुडवला. कागद होते, तुम्ही आणलेले, पण त्यानं ओला पंजा घेऊन इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ भिंतीवर लावला.

माय घाबरली. "नवा चुना हाय वो भिंतीला." तुम्हीही बाबांकडं पाहिलंत.

बाबा म्हणाले, "लावू द्या. मला काय परत मारता येत न्हाई व्हय चुना?"

मग काय, आम्ही ती भिंत सोडलीच नाही. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. महिन्याभरात ते पंजे फिके होत गेले आणि पावसाआधीच दिसेनासे झाले. पण त्या दिवशी ते चांगले लाल होते. बघायला आलेल्या बायका पुढं सरकत सरकत केव्हा ओट्यावर येऊन बसल्या ते कळलं नाही.

गोष्ट तुम्ही त्या दिवशी शेळीची सांगितलीत. एक शेळी जवळा बाजारला निघाली, गळ्यातली घंटी विकायला. का, तर घंटीमुळं ती कुठं आहे हे सगळ्यांना कळतं, जराही लपता येत नाही. बाजारात गिऱ्हाईक मिळालं, घंटीची मागणी झाली. पण घेणारा म्हणाला, विचार कर बाई, घंटी गेली आणि तू रानात हरवलीस तर तुझ्या करडांनी तुला हुडकायचं कसं? आणि इथं तुम्ही थांबलात. "मग आता काय करावं तिनं?" निम्मी पोरं म्हणाली विकावी, निम्मी म्हणाली विकू नये. माझ्या आजीनं ओट्याच्या कडेवरून सांगितलं की गिऱ्हाईकच लबाड दिसतं. नातू आपली लाल नखं बघत होता. मग म्हणाला, "विकू नये. काढून ठेवावी. तिला वाटंल तवाच घालावी." बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "हे पोरगं बराबर बोललं."

मग त्यांनी ढोलकी घेतली. मला वाटलं होतं गाणं म्हणतील. त्यांनी आधी प्रत्येकाला नाव विचारलं आणि ते नाव ढोलकीवर वाजवलं. दोन अक्षरांचं नाव असेल तर दोन थापा, लांबलं तर लांबवून, जोडाक्षर आलं की बोटानं टिचकी. आपलं नाव ढोलकीतून ऐकलं की ते लेकरू परत परत वाजवायला लावायचं. सगळ्यांची झाली तेव्हा नातवानं विचारलं, बाईंचं नाव? तुमचं नाव आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही ते लाजत सांगितलंत आणि बाबांनी वाजवलं. तुम्ही तोंडाला पदर लावून हसत होता. शेवटी सगळ्यांनी तिथंच सुकडी खाल्ली, आमच्या घरचं पाणी पिऊन.

त्यानंतर आठवडाभर वर्ग अर्धा रिकामा होता. सुपरवायझर बाई औंढ्याहून जीपमधून आल्या, तुम्हाला लेखी खुलासा मागितला. मला ते आता कळतं, तेव्हा एवढंच दिसलं की तुम्ही खिडकीशी बसून कागदावर काहीतरी लिहिता आहात आणि आम्हाला गप्प बसायला सांगितलं आहे. पण लेकरांनी घरी हट्ट धरला. लाल रंग कसा झाला ते घरी करून दाखवलं, चुन्याच्या डब्या रिकाम्या केल्या, मार खाल्ला आणि परत आली. एकेक करत सगळे आले. त्या सासूबाईंनी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं म्हणे, आणि ते पुढं बराच काळ चाललं. हे मात्र तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत, मला मदतनीस मावशींकडून कळलं.

आता पुढचं लिहायचं आहे. इतका वेळ मी चावडीतच रेंगाळले, ते हे टाळायलाच.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी हिंगोलीला कॉलेजात होते. नांदेडच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं, आता घरीच ठेवा म्हणाले. मी रविवारी गावी आले आणि तुम्हाला बघायला आले. तुम्ही पुढच्या खोलीत खाटेवर होता, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला ओळखलंत. काय शिकतेस विचारलंत. आणि निघताना माझं बोट धरून म्हणालात, "बाबांना म्हण, एकदा येऊन जा. ढोलकी घेऊन. जास्त नको, थोडंच. नावं वाजवली होती तसं."

मी म्हणाले, "सांगते."

बाई, मी सांगितलं नाही.

विसरले नव्हते. घरी आले, बाबा जेवायला बसले होते, मी समोर बसले आणि सांगितलं नाही. त्या वर्षी मी कॉलेजात पुष्कळ वाचत होते, पुष्कळ बोलत होते. डोक्यात सारखा राग असायचा. मला वाटलं, झालं, परत मोठ्या घरून बोलावणं, वाजवायला या म्हणून. माझा बाप कोणाच्या दारी जाऊन वाजवणार नाही. तुम्हाला उठता येत असतं तर तुम्हीच दोरी धरून आमच्याकडं आला असतात, हे मला सुचलं नाही. सुचलं असेल, मी ऐकलं नाही. मी बाबांच्या वतीनं ठरवून टाकलं, त्यांना न विचारता. सोमवारी पहाटेच्या एसटीनं हिंगोलीला गेले. दहा दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

बाबा स्मशानात गेले होते, मागं उभे राहिले. घरी आल्यावर न जेवता झोपले. मला वाटलं होतं, काळ गेला की हे सगळं आपोआप लहान होईल. पुढं मी सेविका झाले, माय गेली, पोरांच्या पिढ्या बदलल्या. तो नातू आता पुण्याला असतो. माझं लहान झालं नाही.

आणि काल परत येताना, ढोलकी माझ्या खांद्यावर, बाबा माझा दंड धरून चालत होते. लेकरांची नावं त्यांनी वाजवली होती, दोन-चार चुकली तर पोरांनीच दुरुस्त करून दिली. ते खुशीत होते. हातपंपापाशी थांबले, दम घेतला, आणि म्हणाले, "ती बाई बिमार होती तवा मी रोज वाट पाहून राहिलो होतो. ढोलकी पुसून ठेवली होती, वाद्या आवळून. म्हटलं बोलावतील. बोलावल्याबिगर कसं जायचं त्यांच्या दारी? बिमारीत ध्यानात राहिलं नसंल त्यांच्या."

मी खांद्यावरची ढोलकी सावरली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते मला माहीत आहे. खरं म्हणजे ते ज्यांना वाचून दाखवायला पाहिजे ते इथून दोन गल्ल्या पलीकडं अंगणात बसले आहेत आणि मी जेवायला केव्हा येते याची वाट बघत असतील. तुम्ही विसरला नव्हता, तुम्ही बोलावलं होतं, एवढंच सांगायचं आहे. आज सकाळी सांगायचंच म्हणून मी चहा घेऊन त्यांच्यापुढं बसले होते. ते बशी दोन्ही हातांनी धरून पीत होते. मी काहीतरी बोलणार हे त्यांच्या लक्षात आलं, बशी खाली ठेवून म्हणाले, "काय गं?"

मी विचारलं, "साखर कमी झाली का?"

ते म्हणाले, "न्हाई. बराबर हाय."